टीक्यूसीएम चढतच चाललंय, पावसाळ्याची ओल असेल का?

वेर्णेकर
नमस्कार मंडळी, वेर्ण्याला आम्ही एक छोटा क्यूबसॅट (चिमुकला उपग्रह) थर्मोव्हॅकला, म्हणजे निर्वात चेंबरमध्ये गरम-थंड करून बघायच्या टेस्टला, लावलाय. हॉट सोक (गरम ठेवायचा टप्पा) ६० डिग्री, टीक्यूसीएम (थंड क्रिस्टलवर बसणारी घाण मोजणारा सेन्सर) उणे २० वर, व्हॅक्यूम १०⁻⁶ मिलीबार. काल दुपारपासून त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजेच त्यावरचा थर, तासाला ३०० हर्ट्झने चढतेय ती थांबायचं नावच घेईना. चार दिवस इथे धो धो पाऊस, त्यातच जॉब (हा उपग्रह) आत ठेवला, म्हणून सगळे म्हणतात ओलच आहे, पंप चालू ठेव, बसेल आपोआप. पण कॅमेऱ्याची लेन्स आतच आहे हो, रात्रभर झोप नाही. किती थांबू?

निर्वातप्रेमी
पाणी नाहीये ते. उणे २० ला बर्फाचाच बाष्पदाब १ मिलीबार असतो, तुमच्या व्हॅक्यूममध्ये तो क्रिस्टलवर टिकेल कसा? पाणी धरायला उणे १३० च्या आसपास जावं लागतं, ते काम तुमचं एलएन२ श्राउड (द्रव नायट्रोजनने थंड केलेलं चेंबरचं आतलं आवरण) करतंय. क्रिस्टलवर बसतंय ते जड काहीतरी आहे, प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करायचं रसायन) नाहीतर सिलिकोन. क्रिस्टल १५ मेगाहर्ट्झचा असेल तर १ हर्ट्झ म्हणजे चौरस सेंमीला साधारण २ नॅनोग्रॅम, म्हणजे तासाला जवळजवळ ६ नॅनोमीटरचा थर! लेन्स गरम आहे तोवर तिच्यावर एवढं बसणार नाही, पण हॉट सोक सोडून कोल्डला अजिबात जाऊ नका.

फोंड्याचा
आरजीए (चेंबरमधले वायू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) कुठल्या वस्तुमानापर्यंत स्कॅन करतोय ते बघा. १०० पर्यंतच असेल तर १४९ चा पीक दिसणारच नाही आणि थॅलेट (पीव्हीसीतला प्लास्टिसायझर) ओळखायची खूण तीच. आणि फ्लाइट मटेरियल सगळं ई५९५ (निर्वातात किती वाफ सुटते त्याची चाचणी) पास असतं पण टेस्टसाठी बाहेरून लावलेल्या वायरी कोणी तपासतच नाही, आमच्याकडे एकदा साध्या पीव्हीसी वायरच्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या सेन्सरने) असाच घोळ घातला होता.

वेर्णेकर
स्कॅन २०० पर्यंत वाढवला, १४९ आहे!! थर्मोकपलच्या दोन वायरी स्टोअरमधून आयत्या वेळी आणलेल्या, पांढऱ्या आवरणाच्या, त्यांचा स्पूल आत्ता हातात घेतला तर नव्या रेनकोटसारखा वास येतोय. व्हेंट करून (चेंबरमध्ये हवा सोडून) काढू का लगेच?

निर्वातप्रेमी
घाई नको. जॉब ६० वरच ठेवा, कोल्ड फिंगर (वाफा पकडायची थंड दांडी) चालू असू दे, आणि आधी श्राउड गरम करा. जॉब श्राउडपेक्षा थंड झाला की श्राउडवरून सुटलेलं सगळं लेन्सवर जाईल. मग कोरडा नायट्रोजन सोडून व्हेंट करा, कोल्ड फिंगर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुऊन ते धुतलेलं आयपीए लॅबला पाठवा. वायरी टेफ्लॉनच्या लावा आणि पुन्हा जॉब ठेवायच्या आधी रिकामं चेंबर ६० वर चालवून बघा, आत्तापर्यंत भिंतींनीही बरंच प्यायलं असेल.