टेलर गिटारच्या बोल्टवाल्या नेकबद्दल (मानेबद्दल) माझं मत बदललंय

तारसप्तक:
"चिकटवलेली नेक तीच खरी, बोल्टवाली म्हणजे फर्निचर" हे मार्टिन गिटारवाल्यांचं म्हणणं मी आजवर उचलून धरलं. आता ते मागे घेतो. सहा तारांची ओढ 70 किलोच्या वर असते. वर्षानुवर्षांच्या या ओढीने नेक पुढे झुकते, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढते, सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) घासायलाही जागा उरत नाही. मग नेक रीसेट, म्हणजे नेक काढून कोन सुधारून पुन्हा बसवणं. मार्टिनच्या डी-18, डी-28 ला डव्हटेल सांधा (खाचेत अडकवून चिकटवलेला) असतो. तिथे पंधरावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) काढा, खाली भोक पाडून वाफ सोडा, सरस सुटला की नेक उपसा, हील (नेकचा बॉडीला टेकणारा भाग) तासा, पुन्हा चिकटवा. वाफ जास्त लागली तर पॉलिश पांढरं पडतं. टेलरने 1999 मध्ये आणलेल्या नेकला बोल्ट आहेत. ते सोडायचे, खाचेतल्या पातळ पट्ट्या बदलायच्या, पुन्हा आवळायचे. झालं!

होटगीरोडकर:
झालं कसं? ठरावीक जाडीच्या त्या पट्ट्या कंपनीच्याच लागतात. त्या आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेत मिळतात का? दोन्ही गिटारी शेवटी पुण्या-मुंबईलाच न्याव्या लागणार. आणि डी-28 चा खर्ज टेलरमध्ये नाही.

तारसप्तक:
खर्जाचं मान्य. पण तो बॉडीचा आकार, वरची फळी आणि ब्रेसिंगमुळे (फळीला आतून चिकटवलेल्या पट्ट्यांमुळे) येतो. त्याचं श्रेय सांध्याला देऊ नका.

खुंटी:
सोलापुरात सांध्याआधी हवेचं बोला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, हवा कोरडी. सॉलिड लाकूड आकसतं: फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, वरची फळी खाली बसते, तारा झणझणतात, पुढे तडा जातो. यात मार्टिन-टेलर असा भेद नाही. पावसाळ्यात उलटं होतं. फळी फुगते, अ‍ॅक्शन चढते आणि लोक "नेक गेली" म्हणून मोकळे होतात. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत गिटार उघडी ठेवणं तर सर्वांत वाईट, रात्री दमट आणि दिवसा कोरडी. चादरीत गुंडाळून ओलावा टिकत नाही. हार्ड केस, आत हायग्रोमीटर, आर्द्रता 45 ते 55 टक्के. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज चालतो, पण थेंब गळता कामा नये.

आठवडाभर अशी ठेवून मगच मोजा. आधी ट्रस रॉडने (नेकमधल्या सळईने) रिलीफ (नेकचा हलका बाक) 0.2-0.3 मिमीवर आणा. मग फ्रेटवर सरळ पट्टी ठेवून ब्रिजकडे न्या. पट्टी ब्रिजच्या माथ्याला लागली तर नेक ठीक. बरीच खाली धडकली तर रीसेट. झुकलेली नेक ट्रस रॉडने सरळ होत नाही, उगाच पिळू नका.

होटगीरोडकर:
हे पटलं. तरी सांध्यावरून ब्रँड निवडणं मला पटत नाही, आवाज ऐकूनच घ्यावी. जुनी घेताना मात्र सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय ते बघा. दीड मिमीच्या आत असेल आणि बाराव्या फ्रेटपासून जाड तार 3 मिमीहून जास्त उंच असेल, तर रीसेटचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.

तारसप्तक:
आणि तो खर्च डव्हटेलला जास्त धरा.