निर्दोष सुटले, मग तपास अधिकाऱ्याला कोण विचारणार?

गोदाकाठ
५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. पाच खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण धरले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत फाशीवर नेली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं.

निकालातली एक गोष्ट मला पचत नाही. हल्ल्यातून वाचलेल्या बाईंनी दोनच दिवसांत पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघे वेगळेच होते. त्यांचा तपासच झाला नाही. सहा जणांना भरपाई मिळाली प्रत्येकी ५ लाख. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाला भागून बघा, महिन्याला जेमतेम २,६०० रुपये पडतात. तेही सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून.

आरोपी सुटला की पोलीस दोषी, असं मी म्हणत नाही. पण हातात आलेला उलट पुरावा जो अधिकारी बाजूला सारतो, त्याच्यावर नाव घेऊन कारवाई झाली पाहिजे, आणि भरपाईतला काही हिस्सा त्याच्याकडून वसूल झाला पाहिजे.

कराडकर
लिहायला सोपं आहे. माझे सासरे पोलीस खात्यातून पीआय (पोलीस निरीक्षक) म्हणून निवृत्त झाले. खून पडला की तिसऱ्या दिवशी एसपी विचारतात, "डिटेक्ट झाला का?" आमदाराचा फोन, गावात बंद, पेपरात "पोलीस झोपलेत का". त्यातच गणपती बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, आणि टेबलावर चाळीस गुन्ह्यांच्या फायली. आता वर पगारातून वसुलीही आली, तर कोण शहाणा किचकट गुन्ह्याला हात लावेल? 'अ समरी' करून फाईल मिटवतील, पुरावा मिळून आला नाही म्हणून. मग तुम्हीच धागा काढाल की खुनी मोकाट आहेत.

शिवाय फाशी काय पीआय देतो का? सत्र न्यायाधीश, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी तीच कागदपत्रं वाचली गेली. वसुली करायचीच तर रांगेत सगळ्यांना उभं करा.

शंकासुर
न्यायाधीशांकडून वसुली! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फास्ट_लोकल
नाशिकचं ठीक आहे, पण ११ जुलै २००६ चं काय? पश्चिम रेल्वेवर सात स्फोट, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. आमच्या डब्यातल्या ग्रुपमधला एक जण त्यात होता. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालय म्हणतं, आरोप सिद्धच झाले नाहीत. एक आरोपी तर निकालाआधीच तुरुंगात वारला. सुटलेल्यांसाठी हळहळणारे खूप भेटतात. मेलेल्यांच्या घरच्यांना काय सांगायचं? माझ्या मते हे तांत्रिक मुद्द्यांवर सुटणं आहे, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली.

ॲड_मिरजकर
@फास्ट_लोकल, स्थगितीबद्दल गैरसमज आहे. सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला लावलेलं नाही. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, एवढाच तो आदेश आहे. अपील अजून ऐकायचं आहे.

आणि "तांत्रिक" म्हणजे नेमकं काय? ज्याने ओळख परेड घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच उरला नव्हता. कबुलीजबाबांतले भाग एकमेकांशी शब्दाला शब्द जुळत होते. साध्या खटल्यात पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, ज्याखाली हा खटला चालला, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची चालते. ती सूट दिली की मारहाणीचा मोह वाढतो. हा पुराव्याचा पायाच आहे, त्याला तांत्रिक म्हणू नका.

@गोदाकाठ, तुमचा रोख बरोबर आहे, पण वसुलीचा मार्ग मला पटत नाही. २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलिसांनी जमवलेल्या पण दोषारोपपत्रात न वापरलेल्या कागदांची यादीही आरोपीला द्यायची. ही यादी प्रामाणिकपणे मिळाली तर तो फोटोंचा मुद्दा पहिल्याच तारखेला वकिलाच्या हातात असतो. जिल्हा न्यायालयांत ती किती वेळा मागितली जाते? आमचेच वकील मागत नाहीत, हे कटू आहे पण खरं आहे.

गोदाकाठ
यादी कोण करणार? तोच तपास अधिकारी ना? ज्याने कागद दडवायचा ठरवलाय तो यादीत त्याची नोंद करेल, ही अपेक्षा भाबडी वाटते.

@कराडकर, दबाव असतो हे मान्य. पण त्या दबावाखाली नेहमी पकडलं कोण जातं? पारधी वस्ती, वडारांचा तांडा, जामीनदार मिळत नाही अशी माणसं. आमदाराचा पुतण्या कधी "डिटेक्ट" झालेला ऐकलाय का?

कराडकर
यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण तो दोष एका पीआयचा नाही, समाजाचा आहे. वस्तीकडे बोट गावच दाखवतं.

वैनतेया
गावाने बोट दाखवलं म्हणून पोलिसाने डोळे मिटायचे का? मग खातं कशाला हवं, गावकीच पुरे.

कायद्यातली एक गंमत सांगते. विनाकारण अटक घडवून आणली तर दंडाधिकारी भरपाई देववू शकतात, कमाल १,००० रुपये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५८ कलम होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९९, रक्कम मात्र तीच! आणि तीही अटक घडवून आणणाऱ्या फिर्यादीने द्यायची. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालयं सुचवली, पण पुढे कायदा झाला नाही.

फास्ट_लोकल
@ॲड_मिरजकर, स्थगितीचा मुद्दा मान्य. पण माझा प्रश्न तसाच आहे. हे बारा जण नव्हते, तर बॉम्ब ठेवले कोणी?

ॲड_मिरजकर
हा प्रश्न तपास करणाऱ्या एटीएसला (दहशतवादविरोधी पथकाला) विचारा, सुटलेल्यांना नको. चुकीचा माणूस आत असताना खऱ्याचा शोध बंद असतो. नाशिकच्या त्या चौघांचा आज माग काढायचा म्हटलं तर हाती काय उरलंय?

शंकासुर
पॉपकॉर्न संपलं. एक विचारू? नाशिकच्या निकालात चुकार अधिकारी शोधून, नोकरीत असतील तर त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करा, असंही सांगितलं होतं ना? गुन्हा २००३ चा, निकाल २०१९ चा. सोळा वर्षांत कोण नोकरीत उरतं?

गोदाकाठ
म्हणूनच वसुली पेन्शनमधून.

कराडकर
झालं, आता सासऱ्यांना हा धागा दाखवता येणार नाही.