मदत हवी आहे: रॅक पॉवर ॲम्पमधली एकच ईएल३४ (पॉवर ट्यूब) लाल होते

ऐंशीच्या दशकातला १२० व्होल्टचा अमेरिकन स्टिरिओ ट्यूब ॲम्प, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर. डाव्या चॅनेलची एक ईएल३४ लालबुंद होते. ट्यूबांची अदलाबदल केली तरी दोष त्याच सॉकेटला. चारही ट्यूब काढून पिन ५ (कंट्रोल ग्रिड, जिथे ट्यूबचा प्रवाह आवरणारं ऋण बायस व्होल्टेज येतं) मोजली: तीन सॉकेटवर −४० व्होल्ट, या सॉकेटवर −२७. या ग्रिडला आधीच्या टप्प्यातला सिग्नल देणाऱ्या ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरचा एक पाय सोडवला की इथेही −४०. म्हणजे त्याच कपॅसिटरमधून डीसी गळतोय.

बाकीचे तीनही ६३० व्होल्टच्या पॉलिप्रॉपिलीनने बदलावेत ना? या सॉकेटचा १ किलोओहम, ५ वॅटचा स्क्रीन (ट्यूबची दुसरी ग्रिड) रेझिस्टर मीटरवर बरोबर आहे, पण काळवंडलाय, ठेवावा का? शिवाय दोन्ही चॅनेलना १०० हर्ट्झचा हम (गुणगुण), म्हणजे पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकलेले वाटतात; त्यामुळे ते जुने कपॅसिटर व्हेरिॲकवर (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज वाढवत रिफॉर्म करण्यात अर्थ दिसत नाही. मूळ जोडी सिरीजमध्ये, प्रत्येकी १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट. १०५ अंश सेल्सिअस रेटिंगचे मला २२० मायक्रोफॅरडचेच मिळताहेत. ते घातले तर चालू करतानाचा झटका डायोड आणि फ्यूज सोसतील का?