अनुभव धागा: कोसळलेल्या जगातली मुले आणि आपण बडोदेकर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. त्यानंतर आमच्या वाचनगटातली मुले पुन्हा पुन्हा त्याच प्रकारच्या कादंबऱ्या मागू लागली, ज्यांत राज्यव्यवस्था मोडलेली असते आणि जगण्याचे निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर येऊन पडतात. आपण ही पुस्तके वाचली असतील किंवा मुलांना दिली असतील, तर कोणता प्रसंग मनात राहिला आणि का, ते अवश्य लिहावे.

शिक्षिका, दांडिया बाजार

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीत मुले मुलांना मारतात, अशी पालकांची तक्रार असते. मला मात्र त्यातली धान्याची व्यवस्था अधिक भयंकर वाटते. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची नावे दरवर्षी सोडतीत जातात आणि ज्यांची चिठ्ठी निघते त्यांना त्या जीवघेण्या खेळात उतरावे लागते. घरात उपासमार असेल, तर मुलाने स्वतःच्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकावी आणि त्या बदल्यात एका माणसापुरते वर्षाचे जेमतेम धान्य व तेल घ्यावे. या चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात, म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या असतात आणि खाऊनपिऊन सुखी घरातल्या तिच्याच वयाच्या मुलीच्या पाच. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “मग बाई, हिला सोडत का म्हणायचे?” हिंसेच्या कोणत्याही वर्णनाने मुले या प्रश्नापर्यंत पोहोचली नसती, असे माझे ठाम मत आहे.

एक आजी, रावपुरा

नातीच्या आग्रहावरून लोइस लोरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) वाचली. तिथे भूक नाही, भांडण नाही. मात्र साऱ्या समाजाची स्मृती एकाच माणसाकडे सोपवलेली आहे आणि पुस्तकांनी भरलेली खोलीही त्याच्याचकडे. ज्या सयाजीराव महाराजांनी खेड्यापाड्यांत फिरती वाचनालये पाठवली, त्यांच्या गावात राहून हे वाचताना मी फार अस्वस्थ झाले.

महाविद्यालयीन विद्यार्थी, फतेगंज

पुरात आमचा तळमजला बुडाला आणि बाबा सुरतेला अडकले. पिण्याचे पाणी आधी कोणाला द्यायचे, मोबाइलची बॅटरी कशासाठी राखायची, वीज नसताना आजीचे इन्सुलिन थंड कसे ठेवायचे, हे मी आणि धाकट्या बहिणीने ठरवले. मगरी वस्तीत येत होत्या, त्यामुळे अंधारात पाण्यात उतरायचे नाही, हा नियमही आमचाच. तेव्हापासून या कादंबऱ्यांत मी नायकाच्या धाडसापेक्षा लेखक पाण्याचा आणि औषधांचा हिशेब शेवटपर्यंत ठेवतो का, ते पाहतो. अनेकदा दोन-तीन प्रकरणांत तो हिशेब सुटतो, प्रेमाचा त्रिकोण सुरू होतो, आणि माझा त्या जगावरचा विश्वास उडतो.

एक आई, कारेलीबाग

वरील विद्यार्थ्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. माझ्या मुलाने अशीच एक कादंबरी संपवून पावसाळ्याआधी टॉर्च, क्लोरीनच्या गोळ्या, आजोबांची औषधे आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवल्या, आणि औषधांची मुदत तपासण्याचे काम माझ्याकडे दिले.