डायलॉग बॉक्स मागे लपतो, यात चूक कोणाची?

निळीशाई

करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एका कंपनीचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख होती आणि संचालक स्वतः समोर खुर्चीवर बसले होते. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) लावलं, यादीतून त्यांचं प्रमाणपत्र निवडलं, 'साइन'वर क्लिक केलं. गोल फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. पुन्हा क्लिक केलं. टोकन काढून दुसऱ्या पोर्टला लावलं. पान रिफ्रेश केलं तर लॉगिनच गेलं. शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करून सगळं पहिल्यापासून भरलं आणि परत तेच गोल. पाऊण तास गेला. संचालक दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

मग आकडा ताडून बघायला एक्सेल हवं म्हणून ब्राउझर मिनिमाइज केला, तर मागे तळहाताएवढा करडा बॉक्स: 'यूजर पिन टाका'. तो पूर्ण वेळ तिथेच होता. पिन टाकला, चार सेकंदांत सही झाली.

माझं म्हणणं साधं आहे. जो बॉक्स उत्तर मिळेपर्यंत सगळं काम अडवून धरतो, तो समोर दिसलाच पाहिजे. तो मागे उघडत असेल तर ती प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक आहे. 'मिनिमाइज करून बघायचं ना' असं मला दोघांनी ऐकवलं, ते मला मान्य नाही. पडद्यावर जे दिसतच नाही ते आहे, हे माणसाने कशावरून ओळखायचं?

पाऊलवाट

तुमचा त्रास समजतो, पण मागणी मान्य नाही. मी दिवसभर भाषांतराचं टायपिंग करतो. नजर कागदावर असते, पडद्यावर नाही. अशा वेळी एखादा बॉक्स पुढे आला तर माझी पुढची कळ त्याच्यावर पडते. 'आता रीस्टार्ट करायचं का?' हा बॉक्स नेमका मी परिच्छेद संपवून एंटर मारत असताना समोर आला. 'होय'चं बटण आधीच निवडलेलं होतं. सेव्ह न केलेली दोन पानं गेली. पासवर्ड टाइप करताना विंडो बदलली आणि तो चॅटमध्ये जाऊन सगळ्यांना दिसला, हेही माझ्यासमोर घडलेलं आहे.

मागे राहिलेल्या बॉक्समुळे वेळ जातो. पुढे घुसलेल्या बॉक्समुळे काम जातं. टास्कबारवर चमकणारं बटण बघायची सवय लावणं जास्त सुरक्षित आहे.

निळीशाई

पाऊलवाट, त्या दिवशी टास्कबारवर काहीच चमकत नव्हतं. या बॉक्सचं बटणच तिथे नव्हतं, मी नंतर मुद्दाम पाहिलं.

कोकणकडा

डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

विंडोजमध्ये प्रत्येक बॉक्स उघडताना त्याची मालक-विंडो कोणती हे सांगता येतं. मालक सांगितला की तो बॉक्स मालकाच्या वरच राहतो, मागे जाऊच शकत नाही. हा विंडोजचा स्वतःचा नियम आहे. बॉक्स मागे गेला याचा अर्थ बहुतेक वेळा मालक सांगितलाच नाही, किंवा चुकीचा सांगितला. जावा या प्रोग्रामिंग भाषेत मालकाच्या जागी 'नल', म्हणजे 'कोणी नाही', लिहून मोकळं होता येतं. मग एक अदृश्य विंडो त्याची मालक होते आणि टास्कबारवर बटणही येत नाही. चाचणी करताना पडद्यावर आपला एकच प्रोग्राम उघडा असतो, त्यामुळे हे कधी लक्षात येत नाही. मीही अनेक वर्षं 'नल' लिहिलं आहे आणि आज ते मला चूक वाटतं.

निळीशाईंच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. सही ब्राउझर करत नाही. वेबपान तुमच्याच कॉम्प्युटरवर पडद्यामागे चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामला निरोप देतं आणि पिनचा बॉक्स तो प्रोग्राम उघडतो. ब्राउझर त्याचा मालक नाही. आणि विंडोज ९८ व २००० पासून असा नियम आहे की तुम्ही एका प्रोग्राममध्ये काम करत असताना दुसऱ्याला जबरदस्तीने पुढे येता येत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, त्याची मुदत २,००,००० मिलिसेकंद असते, म्हणजे शेवटच्या कळीपासून किंवा क्लिकपासून ३ मिनिटं २० सेकंद. पुढे असलेला प्रोग्राम आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, तशी सोय विंडोजने ठेवली आहे, पण वेबपानाच्या हातात ती नसते.

हा नियम पाऊलवाट यांच्यासारख्यांसाठीच केलेला आहे आणि तो योग्य आहे. पण आपल्याच विंडोच्या वर असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातातला कीबोर्ड काढून घेणं वेगळं. तुम्ही दोघं 'पुढे' या एकाच शब्दाने दोन गोष्टींवर भांडता आहात. मॅकवर २००१ पासून यावर चांगला तोडगा आहे: 'सेव्ह करायचं का?' विचारणारी चौकट त्या त्या विंडोवरच उघडते आणि तिलाच चिकटून राहते. दुसऱ्या कामात व्यत्यय नाही आणि हरवायचा प्रश्नही नाही. लिनक्सवर ग्नोम ३ या डेस्कटॉपने २०११ मध्ये तेच केलं.

पाऊलवाट

त्या चिकटलेल्या चौकटीचा अनुभव मला आहे. फाइलला नाव द्यायचं असतं, ते नाव खालच्या मजकुरात असतं आणि चौकट नेमकी त्यावर बसते. बाजूला सरकवायला गेलं की पूर्ण विंडो सरकते. त्यामुळे 'वर राहणं' निरुपद्रवी आहे हे मला पटत नाही.

बोरिवली_फास्ट

मी बिलिंगला आहे, दिवसाला पंधरा-वीस एक्सेल फाइली उघड्या असतात. एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाइल वेगळ्या विंडोत उघडते, पण आत प्रोग्राम एकच असतो. एका फाइलमध्ये बॉक्स उघडा राहिला की बाकीच्या सगळ्या अडकतात, क्लिक केलं की नुसता टण्ण आवाज येतो. नवीन मुलं 'हँग झालं' म्हणून टास्क मॅनेजरमधून एक्सेलच बंद करतात आणि सकाळपासूनचं काम घालवतात. टण्ण आवाज आला म्हणजे मशीन जिवंत आहे आणि कुठेतरी प्रश्न विचारून थांबलं आहे, एवढं जरी शिकवलं तरी पुष्कळ.

आमच्याकडे चालणारे उपाय सांगतो. विंडोजची कळ आणि एम दाबा, डी नव्हे. डी दाबलं की सगळंच डेस्कटॉपच्या मागे जातं, बॉक्ससुद्धा. एम फक्त मिनिमाइज होऊ शकणाऱ्या विंडो खाली घालतो. अशा बॉक्सला बहुधा मिनिमाइजचं बटणच नसतं, म्हणून रिकाम्या पडद्यावर तो एकटा उरतो. दुसरा मॉनिटर काढून ठेवल्यावर बॉक्स पडद्याबाहेर उघडत असेल, तर ऑल्ट-टॅबने त्याच्यावर जा, ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम, मग कुठलीही बाणाची कळ, आणि माउस हलवला की बॉक्स माउसबरोबर आत येतो.

मी प्रोग्रामरला पूर्ण दोष देणार नाही. गाडी चालवणाऱ्याला आरसे बघायला शिकवतात, तसं हेही कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात शिकवायला हवं.

निळीशाई

विंडोज-एम मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण आरशात मागची गाडी दिसते. इथे आरसाच लावलेला नाही.

पिंपळपान

मी अंध आहे, एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम (स्क्रीनरीडर) वापरतो. तुमच्या चर्चेतलं 'पुढे' आणि 'मागे' माझ्यासाठी नाही. फोकस कुठे आहे, म्हणजे दाबलेली कळ कोणत्या विंडोकडे जाते, एवढंच माझ्यासाठी खरं. बॉक्स फोकस न घेता उघडला तर स्क्रीनरीडर गप्प राहतो. डोळस माणूस निदान ब्राउझर बाजूला करून बघेल. मी शांततेत बसून राहतो आणि ती शांतता कामाची आहे की अडकल्याची, हे मला कळत नाही. बँकेच्या कामात असा बसलो आहे, शेजारच्या मुलाला बोलवावं लागलं आणि माझा पिन त्याच्यादेखत टाकावा लागला. हे मला फार लागलं.

म्हणून पाऊलवाट, 'पुढे घुसलेल्या बॉक्समुळे काम जातं, मागच्यामुळे फक्त वेळ' हे सगळ्यांसाठी खरं नाही. माझं गुपित गेलं.

पण दुसरी बाजूही मी भोगली आहे. अर्धा पिन टाकून झाल्यावर अपडेटचा बॉक्स मध्ये आला आणि उरलेले आकडे त्याच्यात गेले. माझ्या दृष्टीने फरक एकच आहे: बॉक्स मी केलेल्या कृतीचा आहे की नाही. माझ्या कृतीचा असेल तर फोकस त्याच्याकडे गेलाच पाहिजे. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, बॉक्सला शीर्षक द्या. ऑल्ट-टॅब करताना मला शीर्षकच ऐकू येतं. बिननावाचा बॉक्स सापडूनही सापडत नाही.

पाऊलवाट

पिंपळपान, तुमचा अनुभव वाचून माझं ते वाक्य मागे घेतो. मी फक्त स्वतःच्या कामाचा विचार केला होता.

कोकणकडा

शीर्षकाचा मुद्दा उद्याच आमच्या टीममध्ये मांडतो. आमच्याकडे 'मेसेज' एवढंच शीर्षक असलेले किमान दहा बॉक्स आहेत.

निळीशाई

काल पुन्हा सही करायची होती. बॉक्स पुन्हा मागेच उघडला. विंडोज-एम दाबलं, ब्राउझर खाली गेला आणि करडा बॉक्स एकटा उरला. ऑफिसातल्या दोघा मुलांना दाखवलं, 'साइन एकदाच दाबायचं' असं कागदावर लिहून मॉनिटरखाली चिकटवलं. सही करणारा प्रोग्राम ज्यांचा आहे त्यांना स्क्रीनशॉटसह मेल केला. फोकसचा नियम त्यांना मोडता येत नसेल, तर निदान पानावर त्या गोलाखाली एक ओळ लिहावी: 'पिन विचारणारा बॉक्स उघडला आहे, दिसत नसेल तर ब्राउझर मिनिमाइज करा.'

पाऊलवाट

त्या ओळीला पूर्ण पाठिंबा. समोर उडी मारणाऱ्या बॉक्सला अजूनही नाही.

निळीशाई

पण 'साइन' मीच दाबलेलं असतं ना? त्याची वाटच बघत असते मी.

पाऊलवाट

दाबल्याबरोबर आला तर येऊ दे. पण दीड मिनिटाने आला आणि तोवर तुम्ही दुसऱ्या क्लायंटच्या मेलला उत्तर लिहीत असाल तर?

निळीशाई

तर टास्कबारवर चमकू दे. पण तिथे बटण हवं, आणि त्यावर नाव हवं.