पांदणीत इलेक्ट्रिक सायकल सारखी पंक्चर होऊन राहिली, नेमकं काय बदलू?

टपालवाली_घाटंजी

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यात ग्रामीण डाक सेवक आहे. दिवाळीच्या आधी इलेक्ट्रिक सायकल घेतली. मागच्या चाकात हब मोटार, टायर २६ बाय २.१, बॅटरी धरून वजन २४ किलो. माझ्याकडे तीन गावं आणि एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. रोजचं जाणं-येणं १८ किलोमीटर, त्यातली सहा किलोमीटर निव्वळ पांदण.

नोव्हेंबरपासून आजपर्यंत नऊ पंक्चर झाले. आठ मागचे, एक पुढचा. दोनदा ट्यूब बदलली. गावातले पंक्चरवाले दादा मोटारचं चाक खोलायला तयार नाहीत, वायर तुटेल म्हणतात. मग सायकल ॲपेत टाकून तालुक्याला न्यावी लागते, तो खर्च वेगळाच.

गेल्या गुरुवारी पोडावरच्या एका आजीला निराधारचे पैसे द्यायचे होते. अंगठ्याचं मशीन माझ्या थैलीत आणि मी नाल्याजवळ बसलेलं चाक घेऊन उभी. आजी दुपारी दोनपर्यंत ओट्यावर वाट पाहत होती, त्या पैशातून तिला किराणा आणायचा होता. ते अजून मनातून जात नाही.

जाड ट्यूब टाकू, ट्यूबमध्ये ओततात ते पांढरं लिक्विड टाकू, का टायरच्या आतली पट्टी? प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो. पैसे एकदाच घालू शकते, म्हणून विचारून राहिली.

चाकदुरुस्ती_देवळी

ताई, पैसे मंग घालजा. जुन्या ट्यूबा फेकल्या नसान तं बाहीर काढा, हवा भरा अन् पाण्यात बुडवून पाहा. छिद्र कोठी हाय थे सांगा: टायरच्या बाजूनं, रिमच्या बाजूनं, का वॉल्व्हच्या मुळाशी. एकटं हाय का जोडीनं दोन. अन् हवा किती भरता थेही सांगा.

टपालवाली_घाटंजी

काढल्या दादा. दोन जुन्या, आणि चाकात आहे तिचे पॅच आठवून सांगते. चार पंक्चर टायरच्या बाजूचे, बारीक, एकेकटे. तीनदा दोन-दोन चिरा होत्या, शेजारी-शेजारी. आणि दोन्ही जुन्या ट्यूबा वॉल्व्हच्या मुळाशी फाटल्या आहेत. तिथं पॅच बसत नाही म्हणूनच बदलाव्या लागल्या. आताचा वॉल्व्हही सरळ नाही, तिरपा झालाय.

हवा मी अंगठ्यानं दाबून पाहते, माझ्या पंपाला मीटर नाही. आज शेजारच्या काकांचा ट्रॅक्टरचा मीटर लावला, तर मागच्या चाकात २२ पीएसआय निघाली. पुढच्यात ३०.

चाकदुरुस्ती_देवळी

मंग अर्धं उत्तर तुमीच देल्लं. नऊपैकी पाच पंक्चर काट्याचे नाईच.

जोडीच्या चिरा म्हणजे टायर गोट्यावर दबून रिमले टेकला अन् ट्यूब मधात चिमटली. दोन दात लागल्यासारखं दिसते, म्हणून सापाचा डंख म्हणतेत तेले. तुमच्या रस्त्यात रपटा नाईतं उखडलेली गिट्टी असनच. २२ हवेवर २४ किलोची गाडी, वरून तुमचं वजन, मांगं थैली. ट्यूब चिमटनच.

वॉल्व्हच्या मुळाशी फाटली थे मोटारीच्या जोरानं. हवा कमी असली का मोटार रिमले फिरवते, पण टायर रिमवर घट्ट बसला नसते, थो मांगं घसरते. ट्यूब टायरसंगं सरकते अन् वॉल्व्ह रिमच्या भोकात अडकून राह्यते. रोज थोडं थोडं वढल्या जाते अन् एक दिवस मुळातून फाटते. वॉल्व्ह तिरपा दिसला का हवा पुरी सोडा, टायर हातानं पुढं सरकवून वॉल्व्ह सरळ करा, मंग भरा. हे काम आजच करजा.

अन् एक गोष्ट. साध्या सायकलची हवा उतरली का पायाले समजते, पायडल जड जाते. तुमच्या गाडीत थो जडपणा मोटारच सोसते, तुमाले पत्ताच लागत नाई. बॅटरी जरा लवकर उतरते, तेवढंच. म्हणून या गाडीले अंगठा चालत नाई. मीटरवाला पंप घ्या, तुमचा पहिला खर्च थोच. टायरच्या बगलेवर कमीत कमी अन् जास्तीत जास्त किती हवा थे उमटवलं असते. तेच्यात बसत असन तं मांगं ४५ अन् पुढं ३८-४० ठेवा. सकायी थंड्या चाकावर मोजजा. दुपारी चाक तापलं का काटा तीन-चारनं जास्तच दाखवते अन् माणूस फसते.

थांबलेल्या जागेवरून एकदम थ्रॉटल नका पिळू. दोन पायडल मारा, मंग मोटारले बोलवा.

राह्यले काट्याचे चार. तेच्यातही एखादा जुनाच काटा असू शकते. काटा टायरमधी मोडून राह्यते, ट्यूब नवी टाकली तरी दुसऱ्या दिवशी थोच टोचते. बोटानं चाचपू नका, बोट फाटन. घरी कापूस असनच. बोळा करून टायरच्या आतून फिरवा, दोन्हीकून. जठी तंतू अडकन तठी काटा. बारक्या पकडीनं आतून वढा.

पांदणकाठी_मारेगाव

काट्याचं मी सांगतो, कारण ते काटे आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्याच हातून रस्त्यावर पडतात.

कुपाटीसाठी, म्हणजे शेताच्या काटेरी कुंपणासाठी, बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडतो आणि बैलगाडीमागं ओढत नेतो. कापूस-तूर निघाली की धुरे साफ होतात, तोच काळ सगळ्यात वाईट. ओढलेल्या फांद्यांचे काटे पांदणीच्या मधल्या पट्ट्यात आणि शेताच्या तोंडाशी पडतात. चाकोरीत त्यामानानं कमी राहतात, ट्रॅक्टर-गाड्यांनी रगडले जातात. म्हणून चाकोरीतूनच चला, मधल्या गवतावर चढू नका. ज्या शेताला नवी कुपाटी दिसली तिथं उतरून वीस पावलं हातात धरून न्या.

कडेला सराटा असतो, काही जण गोखरू म्हणतात. पाऊस संपला की त्याची फळं वाळून सुटी होतात. कशीही पडली तरी एक टोक वर राहतंच. दिवाळीपासूनचे तुमचे बारीक छिद्रवाले पंक्चर बहुतेक याचेच.

आणि जवळ पडते म्हणून तुरीच्या वावरातून सायकल काढू नका. कापलेली खुटं तिरपी, सुरीसारखी असतात. टायरची बगल फाडतात, आणि तिथं कोणतीच पट्टी कामाची नाही.

आमच्या पांदणीत गेल्या वर्षापासून मी फांद्या गाडीत भरून नेतो. एक फेरी जास्त होते, होऊ द्या. शाळेची पोरं सायकलनं जातात तिथून.

घाटचढ_परतवाडा

मी परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात आणि खालच्या जंगलकडेच्या वाटांनी डोंगरी सायकल चालवतो. ताईंनी विचारलेल्या तिन्ही गोष्टी वापरून झाल्यात.

पांढरं लिक्विड म्हणजे सीलंट. सराट्यासारख्या बारीक छिद्राला उत्तम. पण चिमटलेल्या चिरा आणि वॉल्व्हची फाट ते बुजवत नाही, म्हणजे तुमच्या पाच पंक्चरांना त्याचा उपयोग शून्य होता. टाकायचं तर वॉल्व्हची आतली पिन निघणारी हवी. तुमचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा दिसतोय, ट्रॅक्टरचा मीटर लागला त्यावरून, तर पिन निघेल. एका ट्यूबला साधारण १०० मिली. काटा उपटला की छिद्र खाली येईल असं चाक धरा, मग फिरवा. लेटेक्सचं सीलंट आपल्या उन्हात लवकर वाळतं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी पिन काढून पाहावं लागतं, आणि वाळलं की आत नुसते रबराचे गोळे उरतात.

आतली पट्टी मी काढून टाकली. तिच्या कडेनं ट्यूब घासून तिथंच छिद्र पडायचं. बाभळीचा लांब काटा तर पट्टीच्याही आरपार जातो.

ट्यूबलेसच्या नादी सध्या लागू नका. रिम आणि टायर दोन्ही त्याच बनावटीचे लागतात, आणि गावात ते बसवायला कॉम्प्रेसर नसतो.

तुमच्या जागी मी असतो तर आधी मीटरवाला पंप घेतला असता. पैसे उरले तर फक्त मागच्या चाकाला पंक्चररोधक थराचा जाड टायर. मोटार असल्यानं त्याचा जडपणा तुम्हाला जाणवणार नाही. सीलंट सगळ्यात शेवटी.

आणि काटा दिसला पण हवा टिकून असेल, तर तो रस्त्यात उपटू नका. घरी पोचून उपटा. तोच काटा तोवर बूच असतो.

टपालवाली_घाटंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. पंप मागवते. पण पांदणीत मी एकटी असताना मोटारचं चाक खोलायचं कसं, दादा?

चाकदुरुस्ती_देवळी

खोलूच नका. बॅटरी बंद करून चाबी काढा, खाली पोतं टाकून गाडी आडवी निजवा, चेनची बाजू खाली. वरच्या बाजूनं टायरची एकच कड लिव्हरनं काढा अन् छिद्र हाय तेवढीच ट्यूब बाहीर वढा. कागदानं घासा, सोल्युशन लावा अन् पाच मिनिटं हात लावू नका. बोटाले चिकटणं बंद झालं का मंग पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच आपल्या उन्हात सुटते, घाई करणाऱ्याचे लय पॅच मी दुसऱ्यांदा लावले हायेत.

पुरी ट्यूब बदलाची असन तवाच चाक काढा लागते. मोटारच्या वायरचा जोड अन् नटाखालच्या वायसरी कशा बसल्या तेचा मोबाईलवर फोटो काढजा. जोडावर बाण असतेत, बसवतानी बाणाले बाण लावून सरळ दाबाचं, पिळाचं नाई. आकड्याची वायसर फ्रेमच्या खाचेत बसलीच पाह्यजे, नाईतं मोटारचा आस फिरते अन् वायर तोडते. नटाले बहुतेक १८ चा पाना लागते. तुमच्या पंक्चरवाल्या दादालेही हे वाचून दाखवा. तेनं भीती सोडली तं तुमची तालुक्याची फेरी वाचन.

टपालवाली_घाटंजी

तीन आठवडे झाले, सांगायला आले. मागे जाड टायर टाकला. जुन्या टायरमध्ये कापूस फिरवला तर दोन मोडके काटे निघाले, एक बाभळीचा होता. तेव्हापासून एकच पंक्चर, पुढच्या चाकाचा, सराट्यानं. पोडाच्या वाटेवर सागाखाली बसून मीच काढला, अर्धा तास लागला. आजीचे पैसे या महिन्यात अकरा वाजता दिले.

वॉल्व्ह आता सरळ आहे. सोमवारी ४५ भरते, पुढच्या सोमवारी ४२ निघते. हे बरोबर आहे का, कुठं गळतंय?

चाकदुरुस्ती_देवळी

एवढी उतरतेच, रबरातूनच जाते थे. पाच-सहाच्या वर उतरली तं वॉल्व्हच्या तोंडाले साबणाचं पाणी लावून पाहजा. बुडबुडा आला तं पिन ढिली हाय, कसून घ्या.