मिश्र बियांतून उगवलेली कॅक्टसची रोपं ओळखायला मदत हवी आहे (लातूर)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कॅक्टसच्या मिश्र बियांचं पाकीट पेरलं. पाकिटावर एकाही जातीचं नाव नाही. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं कोकोपीट घेतलं होतं, वर शेडनेट. उगवण छान झाली. आता मृगाच्या आधी रोपं वेगवेगळ्या कुंड्यांत लावायची आहेत, त्यामुळे निदान गट तरी कळायला हवा. फोटोत काटे नीट दिसत नाहीत, म्हणून वर्णन देतो.

सगळ्यात महत्त्वाचा पहिला गट. उगवतानाच दोन मोठी जाड दलं होती, ड्रॅगन फ्रूटच्या रोपाला असतात तशी. पुढे दांडी आली, ती आता चपटी होत चालली आहे. कोवळ्या शेंड्यावर बारीक मांसल पानं येतात आणि गळून पडतात. नुसता हात लागला तरी केसाएवढी कुसं बोटात रुततात आणि लवकर निघत नाहीत. यावरून मला ही ओपुन्शिया, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाच्या कुळातली वाटते. वडील म्हणतात, शेताच्या बांधावर लावू, कुंपण होईल. मला मात्र धास्ती वाटते. तुटून पडलेल्या फडीलाही मुळं फुटतात. दक्षिण भारतात हा निवडुंग इतका माजला होता की तो आवरायला १९२६ साली श्रीलंकेहून कोचिनील ही निवडुंगाचा रस शोषणारी कीड आणावी लागली.

दुसरा गट उभट वाढणारा, कंगोरे स्पष्ट. उजेड कमी पडला की गोल जातीही लांबुडक्या होतात हे माहीत आहे, पण ही रोपं फिकट नाहीत आणि शेंड्याकडे बारीकही झालेली नाहीत. सेरियस, म्हणजे खांबासारखा वाढणारा कॅक्टस, असावा का?

तिसरा गट गोल. कंगोरे नाहीतच, नुसत्या गाठी, आणि प्रत्येक गाठीवर पांढऱ्या काट्यांचा झुबका. हा मॅमिलेरिया असं मी धरून चाललोय.

चौथा मात्र कोड्यात टाकतो. बसका, तपकिरी झाक असलेला, काटे जवळजवळ नाहीत, अंगावर पांढरे ठिपके. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर आहेत, मातीवरही पांढरा थर येतो, म्हणून ओल्या मऊ ब्रशने पुसून पाहिलं. ठिपके गेले नाहीत. ॲस्ट्रोफायटम असेल का?

लहानपणीचे काटे आणि मोठेपणीचे काटे वेगळे असतात, फूल आल्याशिवाय नेमकी जात सांगता येत नाही, हे मान्य आहे. मला प्रजातीचं नाव नको, गट पुरे. चौथ्या गटाला पावसाळ्यात पत्र्याखाली ठेवावं का, आणि बोअरऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं का, हेही सांगा. बीड, धाराशिव, परभणीकडे कुणी बियांपासून कॅक्टस वाढवत असेल तर त्यांचा अनुभव जास्त उपयोगी पडेल, कारण ऊन आणि पाणी दोन्ही आमच्यासारखंच.

पहिल्या गटाबद्दल कृपया लवकर कळवा. वडिलांनी बांधावर खड्डे घ्यायला सुरुवात केली आहे.